किडनीतून काढलेलं दीड सेंटीमीटर सूत

मी इचलकरंजीत कापड चेकिंगला असतो. म्हणजे यंत्रमागावरून उतरलेला तागा टेबलावर ओढायचा, खालून ट्यूबलाइट, वरून आपले डोळे, आणि कुठं तार तुटलीय, कुठं पट्टा पडलाय, कुठं तेलाचा डाग आहे ते बघून खूण करायची. बारा वर्षं झाली. हे आधीच सांगतोय कारण पुढं त्याचा संबंध येणार आहे, आणि दुसरं म्हणजे दिवसभर उभ्याचं काम असल्यामुळं पाय सुजायला लागले तेव्हा मी महिनाभर तिकडं लक्षच दिलं नाही. शेडमधे सगळ्यांचेच पाय सुजतात संध्याकाळी, त्यात काय एवढं.

गेल्या वर्षीची फेब्रुवारी. मे महिन्यात लग्न ठरलेलं. सुटाचं माप द्यायला गेलो, टेलरनं माप घेतलं, तीन आठवड्यांनी ट्रायलला बोलावलं तर पँट मांडीत अडकायला लागली. टेलर म्हणाला लग्न ठरलं की माणूस सुटतोच. मी पण हसलो. वजन केलं तर ६४ चं ७१. आणि गंमत म्हणजे जेवण कमी झालेलं, भूकच नव्हती. सकाळी उठलं की डोळ्यांच्या पापण्या अशा फुगलेल्या की आई म्हणायची रात्रभर मोबाईल बघत जागतोस ना रे. लघवीला फेस यायचा, साधा नाही, सर्फ टाकल्यासारखा, पाणी ओतलं तरी जायचा नाही. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, असल्या गोष्टी कोण कुणाला सांगतं.

फॅमिली डॉक्टरांनी आधी अ‍ॅसिडिटीची गोळी दिली, मग सूज उतरायची दिली, दोन दिवस उतरली, परत आली. मग त्यांनी नडगीवर अंगठा दाबून बघितला, खड्डा पडला तो पडूनच राहिला, तेव्हा जरा गंभीर झाले आणि लघवी तपासायला पाठवलं. लॅबवाला ओळखीचा. रिपोर्ट छापायच्या आधीच त्याचा फोन आला, म्हणाला भावा पट्टी बुडवल्या बुडवल्या गडद हिरवी झाली, अल्ब्युमिन, म्हणजे प्रोटीन, फोर प्लस आहे, तू आजच डॉक्टरला भेट.

मग चोवीस तासांची लघवी. ज्यांना करायची आहे त्यांच्यासाठी सांगतो, सकाळची पहिली टाकून द्यायची, तिथून पुढची सगळी कॅनमधे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली मात्र धरायची. मी पहिल्यांदा उलटं केलं, परत करावी लागली. प्रोटीन आलं ७.८ ग्रॅम. दिवसाला १५० मिलीग्रॅमच्या आत पाहिजे असतं. रक्तातलं अल्ब्युमिन २.१, ते साडेतीनच्या वर पाहिजे. कोलेस्टेरॉल ३७२. शुगर नाही. क्रिएटिनिन ०.९, म्हणजे चांगलं. मी त्या ०.९ ला धरून बसलो. घरात सगळ्यांना सांगत सुटलो की क्रिएटिनिन नॉर्मल आहे म्हणजे किडनी नॉर्मल आहे.

मिरजेला किडनीच्या डॉक्टरांकडं गेलो, मॅडम आहेत. बरोबर ताई आणि दाजी. मॅडमनी पहिल्याच वाक्यात माझं ०.९ बाजूला ठेवलं. म्हणाल्या क्रिएटिनिन म्हणजे गाळायचं काम किती होतंय ते, आणि तुमचं काम पुरेसं होतंय, पण गाळताना जे धरून ठेवायचं ते सुटून चाललंय. एकेका किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात, बारीक रक्तवाहिन्यांचे गुच्छ, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात, दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी त्यातून गाळलं जातं आणि त्यातलं जवळजवळ सगळं शरीर परत घेतं. प्रोटीन त्या जाळीतून जायलाच नको. ते गेलं की रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आणि पायात, पापण्यात साठतं. याला नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात, पण मॅडम म्हणाल्या हे आजाराचं नाव नाही, ताप म्हणल्यासारखं आहे. ताप कशानं आलाय ते वेगळंच.

मग प्रश्न. अंगदुखीच्या गोळ्या किती खाता, जिमची पावडर, कुठलं चूर्ण, भस्म, काढा, गावठी औषध. मी सगळ्याला नाही. "बाकी काही?" नाही मॅडम. ताई शेजारीच बसलेली. इथं मी एक गोष्ट सांगितली नाही. मुद्दाम लपवली असं पण नाही, ती औषधात मोडते असं डोक्यातच आलं नाही, आणि थोडी लाज पण होती, खरं सांगायचं तर लाजच जास्त होती. ती पुढं येईल.

रक्ताची एक तपासणी केली, अँटी-पीएलए-टू-आर नावाची. मोठ्या माणसांमधे नेफ्रोटिकमागं नेहमी सापडणारा एक प्रकार म्हणजे मेम्ब्रेनस, त्यात गाळणीची भिंत जाड होते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या रक्तात ही अँटिबॉडी सापडते. २००९ मधे शोध लागला तिचा. ती पॉझिटिव्ह आली तर काही वेळा बायोप्सीशिवाय, म्हणजे सुईनं किडनीचा तुकडा न काढता पण भागतं म्हणे. माझी निगेटिव्ह आली. मला आनंद झाला, निगेटिव्ह म्हणजे चांगलंच असं वाटायचं तेव्हा. मॅडम म्हणाल्या मग आता सुई.

घरी जे झालं ते काय सांगू. आईला कुणीतरी सांगितलं बायोप्सीच्या नावाखाली किडनी काढून घेतात. मामा म्हणाला सुई लावली की आजार सगळ्या अंगात पसरतो, त्यापेक्षा माझ्या ओळखीचा एक जण पुडी देतो. दाजी एकटे शांत होते, त्यांनी एकच विचारलं, मशीन बिघडल्यावर जॉबर न उघडता सांगतो का काय झालंय ते? तिथं विषय संपला. आईला मॅडमनी फोनवरच समजावलं, म्हणाल्या आई, बॉलपेनच्या रिफिलपेक्षा बारीक तुकडा घेणार आहे आम्ही, दोन घेऊ फार तर, किडनीला पत्ता पण लागणार नाही. पत्ता लागतो हो थोडा, पण ते असू दे.

आठवडाभर आधी वेदनाशामक गोळ्या बंद. माझ्या चालू नव्हत्याच, पण अ‍ॅस्पिरिन वगैरे असेल तर ते थांबवतात, रक्त पातळ असलं तर आत रक्तस्राव होऊ शकतो. प्लेटलेट, रक्त गोठायची वेळ, सोनोग्राफी करून दोन्ही किडन्या आहेत ना, साइझ बरोबर आहे ना ते बघतात. बीपी माझं १४८ निघालं, भीतीनंच असणार, ते गोळीनं खाली आणल्याशिवाय हात लावणार नाही म्हणाल्या. सहीचा कागद वाचून घाम फुटला. लघवीतून रक्त, किडनीभोवती रक्त साठणं, क्वचित रक्त चढवावं लागणं, त्याहून क्वचित रक्तवाहिनी बंद करावी लागणं. दाजींनी मोठ्यानं वाचलं, हेच जरा चुकलं.

त्या दिवशी आम्ही चौघं होतो बायोप्सीला. मी, जत बाजूची एक कॉलेजची मुलगी जिच्या गालावर लाल चट्टे होते, एक ट्रकड्रायव्हर, आणि एक दहा वर्षांचा पोरगा, त्याचं तोंड स्टिरॉइडनं चंद्रासारखं गोल झालेलं. सगळ्यात कमी घाबरलेला तोच होता. त्याला ड्रायव्हरनं विचारलं भीती वाटत नाही का, तर म्हणतो मला सुया रोजच्याच आहेत.

माझा नंबर दुसरा. पालथं झोपवलं, पोटाखाली उशी घातली म्हणजे पाठ जरा वर येते. मॅडमनी सोनोग्राफीचं थंडगार जेल लावलं आणि स्क्रीनवर किडनी शोधली. डावी बाजू आणि किडनीचा खालचा कोपरा, तिथं मोठ्या रक्तवाहिन्या कमी असतात म्हणून. सुरुवातीला त्यांनी ती गन कानाजवळ आणून रिकामीच वाजवून दाखवली, टक्क! म्हणाल्या हा आवाज येणार आहे, दचकू नका. ही गोष्ट फार चांगली केली त्यांनी. नाहीतर त्या आवाजाला मी उडालोच असतो.

भूल देताना चावल्यासारखं झालं, मग जळजळ, मग काही नाही. मग "श्वास घ्या, थोडा सोडा, आता धरा." किडनी श्वासाबरोबर वर-खाली सरकते, म्हणून श्वास धरायचा. तेवढ्या पाच सेकंदात माणसाला काय काय आठवतं. मला टेलरचे राहिलेले बाराशे रुपये आठवले. टक्क. दुखलं नाही, पण आतून कुणीतरी बोटानं टिचकी मारल्यासारखं झालं, खोलवर, जिथं आपल्याला काही आहे हेच माहीत नसतं तिथं. "सोडा श्वास." लॅबचा मुलगा तिथंच छोटं मायक्रोस्कोप घेऊन बसलेला, त्यानं तो तुकडा बघितला आणि म्हणाला कॉर्टेक्स आहे मॅडम, गुच्छ दिसतायत, पण अजून एक द्या. परत श्वास, परत टक्क.

मी मान वळवून बघितलं. काचेच्या बशीत दीड सेंटीमीटरभर सुताचा तुकडा. खरंच सूत. फिकट गुलाबी, ओलं. बारा वर्षं सूत बघतोय मी, हे कुठल्या काउंटचं असेल हा विचार त्या परिस्थितीत पण आला.

त्या सुताचे त्यांनी ब्लेडनं तुकडे केले आणि तीन बाटल्यांत टाकले. का तीन ते मी नंतर विचारलं. एक फॉर्मेलिनमधे, साध्या मायक्रोस्कोपखाली रंग लावून बघायला. दुसरा वेगळ्या द्रावणात, त्याच्यावर चमकणाऱ्या अँटिबॉडी टाकून अंधारात बघतात, कुठं काय चिकटलंय ते हिरवं चमकतं, याला इम्युनोफ्लुरोसन्स म्हणतात. तिसरा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला, तो तुकडा मोठ्या शहरातल्या लॅबला जातो आणि त्याचा रिपोर्ट पण उशिरा येतो.

पंचवीस मिनिटांत सगळं झालं. खरा त्रास पुढचे सहा तास. उताणं झोपायचं, उठायचं नाही, कूस बदलायची नाही, पाणी प्यायचं आणि लघवी झोपूनच भांड्यात करायची. आणि ती होत नाही! पोट भरून आलंय, कळ येतेय, पण आडवं पडून बाहेर येत नाही, शरीराला जन्मापासूनची सवय दुसरी. नर्सनं नळ सोडून ठेवला, दाजी पडद्याबाहेर उभं राहून शिट्टी वाजवायला लागले, लहान पोराला करतात तसं. पलीकडच्या कॉटवरचा ड्रायव्हर हसून हसून मेला, आणि हसू नका पाठीत दुखेल म्हणून नर्स त्याच्यावर ओरडली. दोन तासांनी जमलं एकदाचं. प्रत्येक वेळची लघवी छोट्या बाटलीत भरून खिडकीत ओळीनं ठेवतात, रंग बघायला. माझी पहिली जरा गुलाबी होती, दुसरी चहासारखी, तिसरी पिवळी. तीन बाटल्या बघून मॅडम म्हणाल्या छान. दर थोड्या वेळानं बीपी, रात्री आणि सकाळी हिमोग्लोबिन. त्या रात्री तिथंच ठेवलं. ड्रायव्हरच्या बाटल्या मात्र लालच राहिल्या, त्याला दोन दिवस जास्त ठेवलं, मग आपोआप थांबलं.

रात्री झोप कुणाला. मोबाईलवर वाचत पडलो. १९५१ मधे कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रून या दोन डॉक्टरांनी सुईनं किडनीचा तुकडा काढायच्या पद्धतीवर लिहिलं, तेव्हा पेशंटला बसवून सुई घालायचे आणि सोनोग्राफी वगैरे काही नव्हतं, एक्स-रेवरून अंदाज. पालथं झोपवायची पद्धत तीन वर्षांनी, १९५४ मधे शिकागोकडून आली. म्हणजे माझी उशी तिथून आलेली.

आठ दिवसांनी आम्ही चौघं परत एकाच दिवशी ओपीडीला. बाकावर बसून एकमेकांचे रिपोर्ट बघत होतो, एसटी स्टँडवर तिकिटं बघतात तसं. आणि तिथं मला जे कळलं ते मला अजून भारी वाटतं. चौघांच्या लघवीत प्रोटीन जात होतं, पट्टी चौघांची हिरवी, पण आत चौघांचं कापड वेगवेगळ्या तऱ्हेनं बिघडलेलं.

ड्रायव्हरचं आयजीए नेफ्रोपॅथी. त्याला दरवेळी घसा धरला की एक-दोन दिवसांत कोकाकोलासारखी लघवी व्हायची, तो उष्णता म्हणून ताक प्यायचा. आयजीए नावाची अँटिबॉडी गुच्छाच्या मधल्या भागात जाऊन बसते. साध्या मायक्रोस्कोपला नुसतं थोडं सुजलेलं दिसतं, अंधारात आयजीए चमकलं तरच नाव पक्कं होतं. पॅरिसच्या बर्जर नावाच्या डॉक्टरांनी १९६८ मधे हे पहिल्यांदा ओळखलं, ते त्या चमकणाऱ्या पद्धतीमुळंच.

जतच्या मुलीचं ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार, चौथा वर्ग. तिच्या रिपोर्टमधे आयजीजी, आयजीए, आयजीएम, सी-थ्री, सी-वन-क्यू सगळंच चमकलेलं, त्याला ते लोक फुल हाऊस म्हणतात, सिनेमाच्या थेटरसारखं. तिच्या काही गुच्छांत चंद्रकोरीसारखे आकार पण होते, आणि ते दिसले की वेळ घालवायचा नसतो. तिला त्याच दिवशी अ‍ॅडमिट करून सलाईनमधून स्टिरॉइड चालू केलं. तिच्या वडिलांना घरी जाऊन कपडे आणायला पण सवड नव्हती, आमच्या ताईनं आपली शाल दिली.

आणि त्या पोराचं. लहान मुलांत बहुतेक वेळा मिनिमल चेंज असतं, इतकं नेहमीचं की बायोप्सी न करताच स्टिरॉइड चालू करतात आणि बहुतेक पोरं बरी होतात. मिनिमल चेंज म्हणजे साध्या मायक्रोस्कोपखाली सगळं ठीक दिसतं. तागा टेबलावर टाकला, एक पण खोट नाही, आणि पाणी ओतलं तर खाली गळतंय. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपलाच दिसतं की जाळीवर पाय रोवून बसलेल्या ज्या पेशी असतात त्यांचे पाय सपाट झालेत. पण हा पोरगा स्टिरॉइडला दाद देत नव्हता म्हणून बायोप्सी, आणि निघालं एफएसजीएस. म्हणजे काही गुच्छच खराब, बाकीचे चांगले, आणि खराब गुच्छ पण पूर्ण नाही, त्याचा एक भाग व्रणासारखा कडक झालेला. हे मी लगेच समजलो. शंभर मीटरच्या ताग्यात तीनच ठिकाणी पट्टा आहे आणि तुम्ही दोनच मीटर तपासले तर चांगला माल म्हणून पास करून टाकाल. म्हणून लॅबचा मुलगा अजून एक द्या म्हणत होता. रिपोर्टमधे पहिल्याच ओळीत किती गुच्छ मिळाले ते लिहिलेलं असतं, ज्यांच्याकडं रिपोर्ट आहे त्यांनी बघा. दहाच्या आत असतील तर डॉक्टरला विचारायला हरकत नाही.

माझ्यात १४ होते. एकही मेलेला नाही. गुच्छांच्या भिंती जाड झालेल्या, आणि चांदीचा रंग लावल्यावर भिंतीच्या बाहेरच्या बाजूनं बारीक काटे दिसत होते. मॅडमनी फोटो दाखवला, करवतीच्या पात्यासारखं. भिंतीच्या बाहेरून काहीतरी साठत जातं आणि भिंत त्याच्या मधून मधून वर वाढते, ते काटे. आयजीजी भिंतीभर दाणेदार चमकलेलं. मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी. मी म्हणलं, झालं म्हणजे, कारण कळलं.

मॅडम म्हणाल्या नाही. मेम्ब्रेनस हे दिसणं आहे, कारण नाही. ही भिंत कशामुळं अशी झाली ते अजून शोधायचंय.

आता बघा, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. कापडावर आडवा पट्टा दिसला की मी पट्टा लिहितो. का पडला ते मी लिहीत नाही, मला माहीतच नसतं. कांडीला दुसऱ्या लॉटचं सूत आलं असेल, माग मधे थांबून परत चालू झाला असेल, जॉबरनं काहीतरी सैल ठेवलं असेल. पट्टा तोच दिसतो. त्यासाठी शेडमधे जाऊन विचारत बसावं लागतं, आणि शेडमधे खरं कुणी सांगत नाही!

रिपोर्टच्या खाली अजून एक ओळ होती. पीएलए-टू-आर निगेटिव्ह, नेल-वन पॉझिटिव्ह. नेल-वन म्हणजे भिंतीत साठलेलं एक प्रोटीन. मॅडम ती ओळ वाचून माझ्याकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, परदेशात हे नेल-वन सापडलं की आधी कॅन्सर शोधतात, ते आपण पण शोधू, पण आपल्याकडं याचं आणखी एक कारण सापडतंय. मग त्यांनी दाजींना आणि ताईला बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर विचारलं, "लग्न ठरलंय ना तुमचं? तोंडाला काय लावता?"

मला वाटलं जमीन दुभंगावी.

तर ती गोष्ट अशी. मी काळा आहे. दोन स्थळांनी कांदेपोहे खाऊन नकार कळवलेला, एकीनं तर मध्यस्थाला कारण पण सांगितलं. सलूनवाला माझा शाळेतला मित्र, तो म्हणाला थांब, माझ्याकडं एक जालीम माल आहे, आणि छोटी पांढरी डबी दिली, वर कसल्यातरी परक्या लिपीत लिहिलेलं, कंपनीचा पत्ता नाही, काय घातलंय ते नाही, साडेतीनशे रुपये. रात्री लावायची, सकाळी धुवायची. पंधरा दिवसांत फरक! खरंच फरक. शेडमधे लोक विचारायला लागले. मी पाच महिने लावली, सप्टेंबरपासून, तीन डब्या संपवल्या. सूज आल्यावर सुद्धा लावत होतो, उलट सुजल्यामुळं तोंड बरं दिसत नाही म्हणून जरा जास्तच लावत होतो. बायोप्सीच्या आदल्या रात्री पण लावली होती. हे लिहिताना पण कान गरम होतायत.

मॅडम हसल्या नाहीत. डबी घेऊन या म्हणाल्या. असल्या क्रीममधे पारा असतो, पारा त्वचेतला काळा रंग तयार व्हायचं थांबवतो म्हणून माणूस उजळ दिसतो, आणि तोच पारा त्वचेतून आत जातो. आपल्या देशात डोळ्यांचं सोडून बाकी कॉस्मेटिकमधे पारा चुकून आला तरी दहा लाखात एक भाग, त्याच्या वर चालत नाही. केरळात मलप्पुरम बाजूच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ मधले मेम्ब्रेनसचे २२ पेशंट मांडले, त्यातले १५ नेल-वनचे, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं व्हायचं क्रीम लावत होते. गावठी औषधांतल्या पाऱ्यानं पण हेच होतं, वेल्लोरच्या डॉक्टरांनी ते दाखवलंय, म्हणून त्या सुरुवातीला भस्म-चूर्ण विचारत होत्या. मामाची पुडी आठवली मला. आणि अकोल्याची पण एक बातमी होती, एकाच घरातल्या आई आणि दोन मुली, क्रीम लावून किडनीचा त्रास, मुंबईत केईएमला पाऱ्याचा छडा लागला. ती बातमी मी त्यावेळी वाचली होती. वाचून बायका पण काय काय लावतात असं म्हणलो होतो.

छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, शौचातलं रक्त, कावीळ बी, एचआयव्ही, एएनए सगळं झालं, कॅन्सरसारखं काही सापडलं नाही. रक्त आणि लघवी पाऱ्यासाठी पाठवली, दोन्हीत पाहिजे त्याच्या कितीतरी पट जास्त.

मग उपचार काय, तर मला वाटलं होतं मोठमोठी इंजेक्शनं. मॅडम म्हणाल्या आधी क्रीम बंद, आणि थांबायचं. बरीच माणसं नुसतं बंद केल्यावर काही महिन्यांत सुधारतात, स्टिरॉइडची गरज पडत नाही. लघवीतलं प्रोटीन कमी करायला टेल्मिसार्टन, सूज उतरायला टॉर्सेमाइड, कोलेस्टेरॉलची एक. रक्त गोठू नये म्हणून पण काही महिने गोळी दिली, कारण मेम्ब्रेनसमधे अल्ब्युमिन इतकं खाली गेलं की शिरेत गाठी व्हायची भीती जास्त. मीठ कमी. पापड, लोणचं, ठेचा बंद. इचलकरंजीच्या माणसाला ठेचा बंद म्हणजे काय ते समजून घ्या.

लघवीतलं प्रोटीन तीन महिन्यांनी ४.१ ग्रॅम. पाच महिन्यांनी २.३. आठव्या महिन्यात ०.८ आणि अल्ब्युमिन ३.७. वजन ६३. रंग आला तसा परत गेला, दोन महिन्यांत मी होतो तसा झालो, उलट एक शेड गडदच असेन.

लग्न मेमधून डिसेंबरला ढकललं. तिला काय सांगायचं यावर घरात चार मतं होती, किडनीचा शब्द काढू नका हे आईचं. मी फोन करून सगळं सांगितलं, डबीसकट. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, साखरपुड्याच्या फोटोत तुमची मान आणि तोंड दोन माणसांची दिसतायत हे मी तेव्हाच बघितलं होतं, मला वाटलं फोटोवाल्यानं केलंय. एवढंच. मग दुसरं काहीतरी बोलायला लागली.

सलूनमधे मी पुढं बरेच दिवस गेलो नाही. राग होता. साडेतीनशेप्रमाणं तीन डब्या आणि वर माझे एकूण दीड लाख गेले तपासण्या आणि गोळ्या धरून. भांडायचं असं ठरवून शेवटी एका रविवारी गेलो. खुर्चीत बसलो, त्यानं गळ्याभोवती कापड बांधलं, आणि समोरच्या आरशात तो माझ्या मागं उभा. गोरा झाला होता. आणि दोन्ही डोळ्यांच्या पापण्या फुगलेल्या. मी वाकून त्याचे पाय बघितले, स्लिपरचा पट्टा रुतलेला. म्हणलं हे कधीपासून? म्हणाला अरे दिवसभर उभ्याचं काम, सुजतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्याच लॅबला घेऊन गेलो. पट्टी बुडवली. मी बाजूला उभा राहून बघत होतो, पिवळ्याची पोपटी, पोपटीची हिरवी. थ्री प्लस. तो बाकावर बसला, काही बोलला नाही, मग हळूच विचारतो, "बायोप्सीला लई दुखतं का रे?"

म्हणलं सुईचं काही नाही. उताणं पडून भांड्यात मुतायची प्रॅक्टिस कर आजपासून.